ब्रेकबाईंचे मागचे टायर

त्यांचं खरं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. गाडी शिकायला येणारे त्यांना मॅडम म्हणत आणि त्यांच्या पाठीमागे सगळं गाव ब्रेकबाई म्हणे. चोवीस वर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवत होत्या. त्यांच्या पायाखाली जादा बसवलेला ब्रेक होता, आणि तो दाबायची सवय इतकी अंगात भिनली होती की बसमधून जातानाही त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा. नवरा म्हणायचा, "अगं, टीव्हीतल्या गाडीला तरी जाऊ दे!"

शिकवायची गाडी छोटी होती, पुढच्या चाकांवर चालणारी. म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर, वळवायचं काम पुढच्या चाकांचं आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्याच गळ्यात. त्यातून शिकाऊ लोकांच्या हातात गाडी. क्लच सोडताना चाकं घासणार, जागच्या जागी स्टिअरिंग फिरणार. त्यामुळे पुढचे टायर दीड वर्षात गुळगुळीत होत आणि बाई ते नेमाने बदलत. मागच्यांकडे मात्र कुणी ढुंकून बघत नसे. त्यांची नक्षी शाबूत होती, हवा भरली की झालं.

त्या मंगळवारी सकाळी पाऊस नुसता भुरभुरत होता. स्टिअरिंगवर पडदेवाले काका होते. वय त्रेसष्ट, मापात बोलणारा माणूस. काका आणि काकूंचा पडदे शिवायचा धंदा होता. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, शिवून झालं की टांगून द्यायचे. इतकी वर्षं गाडी काकू चालवत आणि काका शेजारी टेप घेऊन बसत. आता काकूंची नजर अधू झाली होती, म्हणून या वयात काका शिकायला बसले होते. हा त्यांचा पंधरावा धडा.

पाण्याच्या टाकीपासून खाली येणाऱ्या उतारावर मधोमध एक वळण आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बसथांबा, त्यात एक बाक. काका वळणात शिरले, त्यांना वाटलं वेग जास्त झाला आणि त्यांनी ब्रेक दाबला. आणि मग गाडीची मागची बाजू सुटली. साबणावरून घसरावी तशी ती अलगद बाहेर निघाली, गाडी आडवी झाली, आणि बाईंना खिडकीतून बाक आपल्याकडे येताना दिसला. बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने पाय वर उचलून घेतले, बाकी काही केलं नाही. तिला तेवढाच वेळ मिळाला.

गाडी थांबली तेव्हा मागचा बंपर आणि बाक यांत हातभर अंतर होतं. ती बाई उठली, पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. 

"वळणात ब्रेक दाबतात का, काका?" ब्रेकबाई ओरडल्या. "किती वेळा सांगितलंय मी!"

"चुकलं, मॅडम," काका म्हणाले. त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. बाईंनी एकेक बोट सोडवलं, त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी स्वतः काकांच्या घरापर्यंत आणली. 

गुरुवारी काका आले नाहीत. बरं नाही, असा निरोप आला. पुढच्या आठवड्यात निरोपही आला नाही.

बाईंचं मात्र भलतंच होऊन बसलं. रस्ता कोरडा असला तरी वळण जवळ आलं की त्या सीटची कड घट्ट धरत. पाय ब्रेकवरून निघेना. कॉलेजातली एक मुलगी शिकायला येत असे. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, गाडी ओढतच नाहीये. ब्रेक मी दाबतेय की तुम्ही?" बाईंनी खाली पाहिलं. पाय निम्मा दाबलेला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. पाण्याच्या टाकीचा रस्ता त्यांनी धड्यातून काढून टाकला. मुलीने कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे खोदकाम चाललंय." खोदकाम कुठेच चाललं नव्हतं.

शेवटी शनिवारी त्या टायरच्या दुकानात गेल्या. पुढचे टायर आठ महिन्यांचे होते, तरी त्यांच्या डोक्यात पुढचेच होते.

"पकड चांगली असलेले दोन द्या," त्या म्हणाल्या. "पुढे लावायला."

टायरवाला पन्नाशीचा, कानामागे पेन्सिल खोचलेला, घाई नसलेला माणूस होता. पुढची चाकं त्याने उभ्या उभ्या पाहिली आणि सरळ मागे जाऊन उकिडवा बसला. अंगठ्याचं नख रबरात रोवायचा प्रयत्न केला. नख रोवलंच नाही.

"मॅडम, इकडे या. हा आकडा वाचा."

टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. बाईंनी हिशेब केला. टायर नऊ वर्षांचे होते.

"पण नक्षी तर आहे अजून!"

"आहे ना. झिजायला कामच नाही त्यांना, नुसते मागून ओढले जातात. पण रबर वाळून लाकूड झालंय. कोरड्यात चालून जातं. ओल्यात नाही." त्याने पेन्सिल काढून हवेत वळण काढलं. "उतार, वळण, त्यात ब्रेक. सगळं वजन पुढे येतं, मागचं टोक हलकं होतं. पुढे नवे टायर धरून बसतात, मागचे सोडून देतात. गाडी फिरते. झालंय का असं कधी?"

बाईंनी नुसती मान डोलावली.

"ब्रेक कुणी दाबला होता?"

"शिकाऊ माणसाने." त्या थांबल्या. "आणि मीही."

ते त्यांनी तोवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. काकांनी ब्रेक दाबला तो घाबरत, अर्धामुर्धा. बाईंच्या पायाने मात्र तो चोवीस वर्षांच्या सवयीने तळाला टेकवला होता. लोकांना जे करू नका म्हणून सांगायचं, नेमकं तेच. आणि खापर फोडलं होतं पडद्यांची मापं घेणाऱ्या एका भल्या माणसावर.

"दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा," टायरवाला सांगत होता. "गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचं घसरलं तर पाय उचलून सावरता येतं. मागचं सुटलं की नवख्याच्या हातात काही राहत नाही."

"आम्ही तर वर्षानुवर्षं पुढेच लावत आलो."

"सगळेच लावतात."

त्या दिवशी टायर न घेताच त्या घरी आल्या. डोकं भणभणत होतं. नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती आणि म्हणूनच गाडीतलं सगळं कळत होतं. तो म्हणाला, "रुंद टायर घे. जितकं रुंद तितकी पकड. साधी गोष्ट आहे."

"अहो, बाकावर जाऊन आदळलो असतो आम्ही!" बाई एकदम म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. नवरा चपापला. इतके दिवस बाईंनी हे घरात सांगितलंच नव्हतं. तो जवळ येऊन बसला. "मला काय कळतंय," तो म्हणाला. "त्या दुकानदारालाच विचार. मीही येतो."

सोमवारी दोघं गेले. बाईंनी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. टायरवाल्याने तीन टायर ओळीने उभे केले. पहिला कडक रबराचा, वर्षानुवर्षं टिकणारा. दुसरा रुंद. नवऱ्याकडे बघून टायरवाला हसला. "साहेब, हा दिसतो झकास. पण हलकी गाडी आणि रुंद टायर म्हटलं की साचलेल्या पाण्यावर ती तरंगायला लागते. शिवाय स्टिअरिंग जड होतं. कंपनीने सांगितलेलं माप सोडू नका." नवऱ्याने मान डोलावली, जणू त्याचंही हेच म्हणणं होतं.

तिसरा मऊ रबराचा होता. मधोमध पाणी बाहेर टाकायला रुंद खाचा, आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा. बाईंनी अंगठा दाबला. रबर दबलं. त्यांनी तिन्ही टायर पुन्हा पुन्हा दाबून पाहिले, स्टिकरवरची ओल्या रस्त्याची श्रेणी वाचली, आकडे वाचले, कितव्या आठवड्यात बनले ते विचारलं. टायरवाल्याचा चहा गार झाला.

"हा लवकर झिजेल, सांगून ठेवतो. शिकाऊ लोकांची गाडी तुमची."

"झिजू दे. झिजलेलं दिसतं तरी." त्या म्हणाल्या, "चारही हेच लावा. पुढे एक मागे एक असं नको आता."

चाकं बसवून झाल्यावर टायरवाल्याने आणखी एक काळजी लावून दिली. "पहिले दोनेकशे किलोमीटर जपून. नवं रबर वरून गुळगुळीत असतं, पकड हळूहळू येते." म्हणजे पकडीचे टायर घेतले आणि पकड अजून यायचीच होती. बाईंनी किलोमीटरचा आकडा कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला.

तिथून त्या एकट्याच पडदेवाल्यांकडे गेल्या. जिना चढून त्यांनी बेल दाबली. दार काकूंनी उघडलं. जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात टेप.

"काका आहेत का? मी गाडीच्या क्लासची..."

"आवाजावरून ओळखलं. या."

आत दोन मशीनं, कापडाचे तागे, छतापासून लोंबणारा एक निळा पडदा. काका मशीनवर होते. बाईंना पाहताच उठून उभे राहिले, एखाद्या शाळकरी मुलासारखे. "मॅडम, मी येणार नाही आता. गाडी विकायला काढलीय. उद्या माणूस बघायला येतोय. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"काका, चूक तुमची नव्हती."

हे वाक्य त्यांनी वाटेत दहा वेळा घोकलं होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मागचे टायर, त्यांचं वय, आणि आपला पाय. "तुम्ही दाबलात त्याच्या दुप्पट मी दाबला. आणि वर तुमच्यावरच ओरडले."

काका खाली बसले. बोलल्या त्या काकू. "पंधरा दिवस हा माणूस झोपेत पाय झाडतोय. बाकावरची बाई दिसते म्हणतो. आणि तुम्ही आज येताय?"

"आधीच यायला हवं होतं."

"हवंच होतं." काकूंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. रागाचं थोडं निवलं असावं. "नऊ वर्षांचे टायर, आणि तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही आलं."

काकूंनी गळ्यातला टेप काढून ठेवला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "चल खाली. आपल्या गाडीचे बघू."

तिघं खाली उतरले. काकूंना आकडे दिसणार नव्हते, म्हणून त्या मागच्या चाकाशी बसून अंगठ्याने चाचपत राहिल्या. काकांनी मोबाईलचा उजेड पाडला आणि आकडे मोठ्याने वाचले. टायर अकरा वर्षांचे होते.

"यावर मी इतके पावसाळे गाडी चालवलीय," काकू हळूच म्हणाल्या. "हा शेजारी बसलेला असायचा."  मग काकांनीच फोन फिरवला आणि उद्या येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.

काका पुन्हा शिकायला लागले. आधी एका गोदामाच्या रिकाम्या आवारात, कोरड्या जमिनीवर. मग बाईंनी तिथेच पाइपने पाणी सोडून घेतलं आणि ओल्यात सरळ रेषेत थांबायचं, वळणाआधी वेग उतरवायचा, वळणात पाय शांत ठेवायचा, हे घटवून घेतलं. स्वतःचंही घटवलं. बाई टाचा सीटखाली ओढून घेत, पण दर फेरीला पाय आपोआप पुढे सरके. दोनशे किलोमीटर झाल्याचं दिसलं त्या दिवशी त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि नेमकं त्याच दुपारी आभाळ भरून आलं.

"टाकीकडून जाऊ या का?" काकांनी विचारलं. बाईंना नाही म्हणायचं होतं. "जाऊ," त्या म्हणाल्या.

रस्ता चकचकीत ओला होता. काकांनी वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक लावला, वेग जवळजवळ माणसाच्या चालीवर आणला आणि मग पाय काढून घेतला. बाईंनी दोन्ही हातांनी आपला गुडघा धरून ठेवला होता. बाकावर या वेळी एक म्हातारा पेपर डोक्यावर धरून बसला होता. त्याने वरही पाहिलं नाही. मागची बाजू जागची हलली नाही. गाडी वळली आणि उताराच्या तळाशी येऊन उभी राहिली.

"मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता," काका म्हणाले. "फार हळू गेलो का?"

"वाजवू दे त्याला," बाई म्हणाल्या. गुडघा सोडला तेव्हा तिथे बोटांचे वळ उठले होते.

काका पहिल्या परीक्षेत नापास झाले, तेही उलटी गाडी लावताना, आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. आता ते दोघं नवे टायर घातलेल्या गाडीतून पुन्हा घरोघरी खिडक्या मापायला जातात. काकू शेजारी बसून वळणं सांगतात, रस्ता पाठ आहे म्हणतात. ब्रेकबाईंची भीती मात्र पुरती गेली नाही. पावसाची सर आली की त्या दिवशीचा धडा त्या अर्धा तास उशिरा सुरू करतात, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वाहून जाईपर्यंत. शिकाऊ माणूस घड्याळाकडे बघत कुरकुरला, तर उशीर का, ते त्याला खरं खरं सांगतात.