जेटीवरचे आंधळे जीपीएस

माझ्या संशयी स्वभावाला घरातले सगळे वैतागलेले असतात. दूध पातळ लागलं की मी दूधवाल्याला धरते, फोन वाजून बंद पडला की शेजारणीला. पण बोटींचे जीपीएस आणि वायरलेस दुरुस्त करणाऱ्या बाईला संशयाशिवाय धंदा कसा जमायचा? माझं दुकान रत्नागिरीच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे आहे. बायकांनी बोटीवर पाय ठेवायचा नाही, हे आमच्या जेटीवर अजून पाळतात. म्हणून बिघडलेला सेट खलाशीच काढून माझ्या टेबलावर आणून ठेवतात.

त्या हिवाळ्यात सेटमागून सेट येऊ लागले. तक्रार एकच, की बंदरात शिरताना पडदा कोरा होतो, उपग्रह सापडत नाहीत. टेबलावर मात्र प्रत्येक सेट शहाण्यासारखा चालायचा. मी वायरी बदलल्या, अँटेना बदलल्या, खलाशांना शिव्या घातल्या. मग एका पहाटे धुक्यात एक बोट खडकाला घासली. माणसं वाचली. पण हे कोणीतरी मुद्दाम करतंय, असं मीच पहिल्यांदा बोलले. जीपीएस आंधळे करणारं जॅमर नावाचं यंत्र असतं, हे जेटीला माझ्याकडूनच कळलं.

"पण करील कोण असं?" मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं.

मी सांगितलं, तीन गोष्टी बघा. फायदा कोणाला, अक्कल कोणाला, आणि असली वस्तू मिळवायची सोय कोणाला. तिन्हींना एकच माणूस लागू पडत होता. आखातात जहाजांवर वायरलेस सांभाळून परतलेला आणि नुकतीच स्वतःची बोट घेतलेला एक तांडेल, म्हणजे बोट हाकणारा नाखवा. त्याच्या केबिनवर इतरांपेक्षा जास्त अँटेना होत्या, आणि बाकीच्यांची जाळी रिकामी येत तेव्हाही त्याला सुरमई मिळायची. तो मुसलमान मोहल्ल्यातला आहे, ही चौथी गोष्ट कोणी तोंडाने काढली नाही. मी नावही घेतलं नव्हतं, तरी त्याच्या बोटीला बर्फ मिळेनासा झाला. येत्या सभेत त्याला जेटीवरून हलवायचं जवळजवळ ठरलं. त्या चर्चेत सगळ्यांत मोठ्याने बोलत होता आमची घरची बोट चालवणारा माझा थोरला भाऊ.

सभेच्या आदल्या दिवशी तो तांडेल दुकानात आला. "ताई, जेटीवर येऊन खात्री करा. सगळ्यांना बॅटरीची वायर काढायला सांगा, एकेक करून, म्हणजे ते यंत्र कोणाच्या बोटीवर आहे ते कळेल. पहिली माझी काढतो."

हा इतका सरळ बोलतोय म्हणजे नक्की काहीतरी दडवतोय, असं मला वाटलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सभेआधी मी हातातला छोटा जीपीएस घेऊन जेटीवर गेले. दुकानात त्यावर उपग्रहांच्या पट्ट्या भरभरून दिसत होत्या, जेटीवर एकही नाही. तांडेलाने वायर काढली. फरक पडला नाही. त्याच्या शेजारच्याने काढली, मग पुढच्याने. फरक नाही. शेवटी आमची बोट उरली.

"आमची कशाला गो? घरची बोट ती," भाऊ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तोही डिसेंबरात.

मी बोटीवर चढले. मागून कोणीतरी "उतर खाली" म्हणालं. केबिनमधल्या देवाच्या कोनाड्यात, नारळीपौर्णिमेच्या नारळामागे, काळी डबी होती आणि तिच्यावर लाल दिवा जळत होता. मी वायर उपटली. हातातल्या जीपीएसवर हळूहळू पट्ट्या उगवू लागल्या.

"बोटीचा ठावठिकाणा कळवायला सरकारनं बसवलेल्या डब्यावरनं आपली मासळीची जागा कुणाला तरी कळत्येय, असं वाटत होतं," भाऊ खाली बघत म्हणाला. "मुंबयच्या माणसानं सांगितलान, ह्यानं फक्त तो डबा बंद पडतो. बाकीच्यांचे बंद पडतात हे मला काय म्हायत?"

ते खरंच असावं. तो डोंगराच्या खुणा धरून बंदरात शिरतो, जीपीएसकडे बघतही नाही. संशय आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. मला त्याचा संताप आला, आणि सगळ्यांसमोर रडू येईल की काय अशी भीती वाटली.

डबी घेऊन मी जेटीवर उतरले आणि ती कुठे मिळाली ते अध्यक्षांना मोठ्याने सांगितलं. आता तांडेल मला चार शब्द सुनावणार, म्हणून मी तयार होते. तो जवळ आला.

"ताई, आता माझ्या बोटीवर पण चढा. फळ्या उचलून सगळं बघा."

"आता कशाला? सापडलं ना."

"तुमच्या भावाकडे सापडलं. माझ्याकडे नाय, हे कोणी बघितलंय?"

मी जेटीवरच्या माणसांकडे पाहिलं. राहू दे, असं एकाने तरी म्हणावं म्हणून थांबले. मग त्याच्या बोटीवर चढले, आणि तो एकेक फळी उचलून दाखवत गेला.