बाहेरून लावलेले कुलूप

कुलूप नवे होते, पितळी, आणि त्या जुन्या दाराच्या मानाने फार मोठे. शेजारच्या आजीच्या मुलाने ते मंचेरियलहून येतानाच आणले होते. दाराला कडी-कोयंडा ठोकून झाल्यावर त्याने किल्ली माझ्या आईच्या हातात दिली. "वहिनी, सकाळी उघडून जेवू घाला, संध्याकाळी एकडाव पाहा. बस." आईने किल्ली पदराच्या टोकाला बांधली. आपल्यावर विश्वास टाकला गेल्याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. कुलपापेक्षा मला त्या समाधानाचा जास्त राग आला.

आजी आमच्या नात्यातली नव्हे. जैनथजवळच्या, तेलुगू मुलखातल्या आमच्या मराठी गावात, एका भिंतीच्या पलीकडे, नवरा गेल्यापासून ती एकटी राहते. मुलगा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत पाळीची ड्यूटी करतो. मी हैदराबादेत जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण करून संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी घरी आले, तेव्हा तिचे विसरणे बरेच पुढे गेले होते. धुतलेले लुगडे ती ओलेच नेसे, प्यालेल्या चहाचे भांडे पुन्हा शेगडीवर ठेवी आणि मला रोज नव्याने विचारी, "तू कोणाची वं?" गावाचे निदान तयार होते: म्हातारचळ. हा शब्द मला शिवीसारखा वाटतो, कारण तो एकदा उच्चारला की कोणालाच पुढे काही करावे लागत नाही.

मी तिला आदिलाबादला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तेलुगूत आजची तारीख विचारली, मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले. मी ते प्रश्न तिला मराठीत सांगितले. आजी नुसती हसली. तारीख तिला उभ्या आयुष्यात लागली नव्हती. तिला पेरणी, निंदणी आणि वेचणी लागत असे. माप चुकीचे असेल तर मोजणी व्यर्थ असते, एवढे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी थायरॉईड आणि बी-ट्वेल्व्हच्या तपासण्या मागितल्या तेव्हा डॉक्टरांनी हिंदीत विचारले, मोबाईलवर वाचून आलीस का; हे वयाचे आहे, याला औषध नाही, असेही ते म्हणाले. तपासण्या मी हट्टाने करवून घेतल्या आणि त्या ठीक निघाल्या, म्हणजे औषधाने परत फिरेल असे काही नव्हते. डॉक्टर बरोबर ठरले. मात्र न पाहता बरोबर ठरण्याला मी आजही ज्ञान म्हणत नाही.

कुलपापर्यंत गोष्ट गेली ती कापसाच्या वेचणीत. वेचणी सुरू झाली की सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो येतो आणि लांब भोंगा वाजवतो. बाया भाकरी बांधून, कमरेला वेचणीचे फडके गुंडाळून निघतात. कोण आली, कोण राहिली, हे कोणी विचारत नाही. भोंग्याला जी येईल ती बसते. संध्याकाळी प्रत्येकीच्या कापसाचे गाठोडे काट्यावर चढते आणि वजनाप्रमाणे तिची मजुरी ठरते. या व्यवस्थेत माणसे कधीच मोजली जात नाहीत. गाठोडी मोजली जातात.

आजीने आयुष्यभर वेचणी केली होती. भोंगा ऐकून तीही जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधून ऑटोत जाऊन बसू लागली. बायांना गंमत वाटली. शेतात तिचे हात इतके बिनचूक चालत, की कोणी तिला खाली उतरवले नाही. पण ओटीतला कापूस कुठे टाकायचा हे ती विसरे. जे गाठोडे जवळ असेल त्यात ओती. तिचे स्वतःचे गाठोडे नव्हते. म्हणून नदीकाठच्या शेतातून ऑटो परतला त्या संध्याकाळी काट्यावरचा हिशेब चोख जुळला होता आणि आजी शेतातच राहिली होती.

दिवे लागायच्या सुमारास तिचे दार उघडे पाहून मी ऑटोवाल्याचे घर गाठले, शेत कोणते ते विचारले आणि बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून नदीकडे निघाले. ती कापसाच्या झाडांच्या, पराटीच्या, ओळीतच होती. अंधारून येत होते आणि ती कच्ची, हिरवी बोंडेसुद्धा तोडून ओटीत भरत होती. तिची बोटे बोंडांच्या टोकांनी रक्ताळली होती. "मंग, बाया कुठं गेल्या?" तिने मला विचारले. याचे उत्तर मलाही हवे होते.

मुलगा आला तो दोन दिवसांची रजा काढून, कुलूप घेऊन.

"काका, आत आग लागली तर?" मी विचारले.

"शेगडी काढून नेतो ना मी."

"विजेची तार आहे. आजी पडली-झडली, तर तिने हाक कोणाला मारायची?"

"तू शिकलेली पोरगी, तुले बोलणं सोपं आहे," तो म्हणाला. "माहं क्वार्टर दुसऱ्या माळ्यावर. मी खाणीत, बायको एकटी. तिथं जिन्यावरून पडली तर? नदीत गेली असती तर? मंग याच गावानं मले जोडे मारले असते."

त्याची अडचण खरी होती, हे मी मान्य करते. पण त्याच्या वाक्यात आईला काय होईल हे जेवढे होते, तेवढेच गाव काय म्हणेल हेही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोचा भोंगा वाजला आणि भिंतीपलीकडे दार आतून हलू लागले. आधी सावकाश, मग दोन्ही हातांनी. "थांबा वं, मी आली! मी आली ना!" माझी आई तांदूळ निवडत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. ऑटो निघून गेल्यावरही दार बराच वेळ हलत राहिले.

हे रोज घडू लागले. पुस्तकात तोंड घालून मी ते ऐकू शकत नव्हते. शेवटी मी त्या बायांच्या म्होरकीला गाठले. ती ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होती.

"आली वं लॅबोट्रीवाली," ती म्हणाली. "आता तू आमाले वेचणी शिकवशीन?"

"मावशी, तुम्ही तिला शेतात सोडून आलात."

"आमचं पोट वजनावर चालते, बाई. माणसं मोजाले कोणाले टाइम आहे?"

"त्याच वजनात तिचा कापूस होता. तो कोणाच्या गाठोड्यात गेला?"

शेजारी दोघीतिघी बसल्या होत्या. त्यांतली एक पायाच्या बोटाकडे पाहत म्हणाली, "माह्याच गाठोड्यात टाके ती. मी काऊन नाई म्हणू?"

"काऊन म्हणशीन!" म्होरकी तिच्यावरच उखडली. "रोज काट्यावर वर नाक करून उभी राहे!" हसू फुटले, पण मी हसले नाही. माझा मुद्दा साधा होता. तुम्ही माणसे मोजत नसाल तर तिचेही गाठोडे करा. वेगळ्या रंगाचे फडके, ते तिच्याच ओळीत ठेवायचे आणि ते काट्यावर चढल्याशिवाय ऑटो हलवायचा नाही. म्होरकीने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "एवढं डोकं आहे तर नोकरी काऊन नाई लागली तुले?" ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचे लाल फडके आणले.

मी आईच्या पदरातून किल्ली सोडवून घेतली. वेचणी संपेपर्यंत आजी रोज गेली आणि रोज परत आली. लाल गाठोडे लहानच असे, पण ते काट्यावर चढे आणि संध्याकाळी बाया तिला दारात आणून सोडत. मी मुलाला फोनवर हे सांगितले. तो "बरं" म्हणाला. पण हंगाम संपला, ऑटो यायचा बंद झाला, तेव्हा त्याचा माझ्या आईला फोन आला: आता कुलूप लावत जा, आता तिच्याबरोबर कोणी नाही.

त्या आठवड्यात मी कुलूप लावू दिले नाही. पुस्तके घेऊन मी तिच्या ओट्यावर बसले आणि पाहत राहिले. सकाळी ती कमरेला फडके बांधून उंबऱ्यात येई. "ऑटो आला काय वं?" नाही म्हटले की गल्लीच्या तोंडाकडे पाही आणि आत जाई. एकदाही ती उंबरा ओलांडून गेली नाही. तिला भटकण्याचा आजार जडला, असे सगळ्यांनी ठरवले होते. ती फक्त हाकेला ओ देत होती. ज्या गोष्टीसाठी तिला कोंडले ती गोष्ट कोणी एक सकाळ बसून पाहिलीसुद्धा नव्हती.

मी मुलाला हे सविस्तर सांगितले.

"तुहा प्रयोग तुह्याजवळ ठेव," तो म्हणाला. "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

प्रवेशपरीक्षा झाली, मुलाखतीत निवड झाली, मला हैदराबादला परतायचे होते. निघण्याच्या सकाळी मी बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आजीच्या दाराचा कोयंडा उपटून काढला. लाकडात चार भोके राहिली. आई धावत बाहेर आली.

"येडी झाली काय वं तू? तू तर चालली. मंग हिच्याकडं कोण पाहीन?"

"तू."

"मी? मले घरची कामं कमी आहेत?"

"किल्ली सांभाळायला तर वेळ होता."

आई आत निघून गेली. मला बसस्टँडवर सोडायलाही ती आली नाही. आजी उंबऱ्यात उभी होती आणि तिने मला विचारले, ऑटो आला काय. माझा ऑटो खरोखरच आला होता. मी नाही म्हणाले आणि ती आत जाईपर्यंत थांबले.

आता आईचा फोन येतो आणि तो बहुतेक तक्रारीचा असतो. आज ती चारदा उंबऱ्यात आली. आज तिने वाढलेल्या ताटातच हात धुतले. आज मी तिच्या ओट्यावर बसूनच डाळ निवडली, घरची सगळी कामं तशीच पडली. "सगळं तुह्यापायी," आई म्हणते. मी ऐकून घेते. कोयंडा माझ्या पिशवीत आहे, हे मी तिला अजून सांगितलेले नाही; ती परत बसवायला मागेल अशी मला भीती आहे, आणि या भीतीचाही मला राग येतो.