पाऊल न उमटलेला बर्फ

ज्या फोटोत माणूस नाही त्यात रीळ वाया गेलं, असं मी पंचविशीत ठामपणे मानत होते. त्या अकलेपायी मी एका भल्या माणसाची चार हिवाळ्यांची मेहनत मातीत घातली. नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात. मी मात्र अर्धवटच हसते.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत क्लीव्हलंडला होतो. ते भले गृहस्थ ह्यांच्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. थंडीत दर रविवारी गोठलेल्या ईरी सरोवराच्या काठी फोटो काढायला निघायचे आणि आम्हालाही गाडीत घालून न्यायचे. बॅटरी गारठू नये म्हणून कॅमेरा स्वेटरच्या आत, पोटाशी. हातमोजा दातांनी ओढून काढायचे, श्वास रोखायचे आणि बहुतेक वेळा फोटो न काढताच म्हणायचे, "आज नाही." काठापासून क्षितिजापर्यंत एकही पाऊल न उमटलेला बर्फ त्यांना हवा होता. कुणाचं तरी कुत्रं नाहीतर मासे पकडणारे नेहमी आधी येऊन गेलेले असत.

मग कारखान्याने त्यांना काढलं. नागपूरला परतण्याआधीच्या शेवटच्या रविवारी तसा बर्फ मिळाला. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मी लाल कोट सावरत धावत जाऊन पुढ्यात उभी राहिले.

"काढा आता. नुसता बर्फ काय बघायचा?"

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. खाली बसून मी हातमोज्यांनी पावलं बुजवायला लागले.

ते म्हणाले, "राहू द्या वहिनी, हात गारठतील. इकडे बघा. आपल्यातलं कोणी इथं राहून गेलं, एवढं तरी फोटोत दिसेल."