न उघडलेला साचा

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: दौंडच्या आप्पांनी जी चूक मरेपर्यंत आपली मानली, ती माझी होती.

आप्पा रेल्वेतले निवृत्त फिटर. घराच्या पडवीत बसून ते खेळण्यातल्या रेल्वेसाठी इंजिनांच्या वीतभर बॉड्या करत. पुठ्ठा-पत्रा कापून एक मूळ बॉडी घडवायची, तिच्याभोवती रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्या साच्यात रेझिन ओतून हव्या तेवढ्या नकला काढायच्या. मी शिक्रापूरला कंपनीत. दर रविवारी शिरूरहून मोटारसायकलवर मदतीला जायचो. "या शिरूरकर, येळेवर आलात. रेल्वेत न्हवता म्हणून जमलं!" हे त्यांचं स्वागत.

रेझिनमध्ये राहिलेला हवेचा बुडबुडा त्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासी. भिंग लावून बॉडी तपासत आणि ओरडत, "ह्यो बघा फुकट्या! टपावर बसलाय. उतरा खाली!" मग टाचणीनं तो फोडून भोक बुजवत. त्यांची बायको, म्हणजे काकू, आतून म्हणत, "दंडाची पावती बी फाडा."

ओतण्याआधी मऊ फडका सगळ्यावरून फिरवायची त्यांना खोड होती. चहाचा कपही सुटत नसे.

एका मूळ बॉडीवर त्यांनी आठ महिने घातले होते. जाळीची एकेक पट्टी सुईच्या टोकानं बसवलेली. साचा दोन भागांत होतो. खालचं रबर घट्ट झालं की त्यावर वॅसलिन लावायचं, मगच वरचं ओतायचं. नाहीतर दोन्ही रबरं एकजीव होतात. वॅसलिन लावायचं काम माझ्याकडे होतं. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. बोलून आलो तर आप्पा रबर कालवून उभे.

"वॅसलिन लावलं न्हवं?"

डबी माझ्या हातात, झाकणसुद्धा न उघडलेली. कालवलेलं रबर थांबत नाही, घट्ट होत जातं, आणि नाही म्हणायची मला लाज वाटली. "लावलं," म्हणालो.

त्यांनी फडका फिरवला आणि ओतलं.

साचा माझ्यासमोर उघडायचा म्हणून ते पुढच्या रविवारपर्यंत थांबले. तो उघडेना. एका बाजूनं आप्पा ओढतायत, दुसऱ्या बाजूनं मी. काकू उलथनं घेऊन आल्या.

"चपाती न्हाई ती!"

"चपाती आसती तर कवाच सुटली आसती."

शेवटी सुरी लावली. रबराबरोबर टप कापला गेला, जाळी चुरगळून निघाली.

आप्पांनी फडका हातात घेतला. "म्याच पुसलं ओ. तुमी लावलं आन् म्या पुसलं. हात आता आपलं राह्यलं न्हाईत."

"होतं असं, आप्पा," मी म्हणालो. वर त्यांची समजूत काढली.

त्यानंतर त्यांनी ओतणं सोडलं. "तुमीच वता, तुमच्या हाताचा भरवसा हाय," म्हणून शेजारी बसत. माझ्या बॉड्यांत फुकटे खच्चून भरलेले. आप्पा भिंगातून बघत आणि म्हणत, "ऱ्हाऊ द्या. सणासुदीची गर्दी हाय."

गेल्या वर्षी आप्पा गेले. भेटायला येणाऱ्यांना काकू सांगतात, "शेवटी शेवटी हात इसराळू झालं व्हतं त्यांचं." मी समोर बसून चहा पितो.

त्यांचे हात काहीच विसरले नव्हते. एवढं एक वाक्य मी काकूंना देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.