आनंदीमावशीचा पुढचा दात

रहाटाचा दोर तुटून आनंदीमावशी विहिरीच्या कठड्यावर आपटली आणि तिचा वरचा पुढचा दात गेला. तोवर आमच्या वाडीत गौरीच्या फुगड्यांना गाणं तीच सुरू करायची. दात गेल्यावर पहिल्याच वर्षी शब्दांतून वारा निसटला, पोरी फिस्सकन हसल्या, आणि बाई मागच्या रांगेत गेली ती गेलीच. दहा वर्षं मी तिला तोंड उघडून हसताना पाहिलं नाही.

मी शहरात दातांची पुढची डॉक्टरकी शिकत होते. माझ्या संशोधनाला माणसं कमी पडत होती, मावशीला दात हवा होता. मी तिला घेऊन गेले. उपकार केल्याच्या थाटात नेलं, हेही सांगून टाकते.

हाडात दाताचा स्क्रू बसवला की भोवती सूज येते. ती यावीच लागते, पण वेळेत थांबावीही लागते, तरच हाड स्क्रूला धरतं. पेशींतले मायक्रोआरएनए नावाचे इवले रेणू हे सांभाळतात. स्वतः काही बांधत नाहीत. काही सूज वाढवणारे हुकूम मधेच अडवतात, काही हाड बांधणाऱ्या पेशींचा लगाम सैल करतात. हिरडीच्या कडेचा ओलावा कागदाच्या पट्टीवर टिपून मी तेच मोजत होते.

"तंबाखू खाता? ओढता?" माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

"छे हो, आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत," मावशी सरांसमोर अगदी शुद्ध बोलली. मी फॉर्मवर 'नाही'वर खूण केली. स्क्रू बसला, माझं घोडं गंगेत न्हालं. निघताना तिला बजावलं, "जागा साफ ठेव हां."

तीन महिन्यांनी स्क्रू बोटानं हलला. भोवतालचं हाड झिजलं होतं, सूज आवरणाऱ्या रेणूंचं प्रमाण पार खाली गेलं होतं.

"मावशी, साफ कशानं करायचीस?"

तिनं कनवटीची डबी काढली. काळी कुळकुळीत मशेरी, घरच्या तव्यावर भाजलेली. "आदी सकाळचीच लावी. तू साफ ठेव सांगलंस, म्हणान आता दिसाक चार वेळा लावतंय. स्क्रूवर तर जास्तच."

तिच्या लेखी ती दात घासायची पूड होती. तिचा काय दोष? मी तर त्या भाजणीच्या वासात लहानाची मोठी झाले. एक शब्द विचारायला माझी जीभ झडली होती का? विचारलं असतं तर माझ्या संशोधनातलं एक माणूस कमी झालं असतं.

"हा नमुना वगळ," सर म्हणाले. मी वगळला, माझा प्रबंध पास झाला. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्याचीच गरज सरली. मावशीचं हाड इतकं गेलं होतं की सर तिथं दुसरा स्क्रू बसवायला तयार होईनात.

परतताना एसटीत ती हळूच म्हणाली, "माजांच चुकलां गो. कामाच्या गडबडीत कदी कदी तीनदाच लावली."

मला राहवलं नाही. "मावशी, मशेरी म्हणजे तंबाखूच. तिनंच हाड खाल्लं."

ती माझ्याकडे वळली.

"तुका ह्यां आदी म्हायत होतां?"

"होतं," मी म्हणाले.