ओढ्याचा गाळ

बेटेगावात गोजराबाई आणि तिची धाकटी जाऊ पुष्पलता एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या. पलीकडे फोडणी पडली की गोजराबाई वासावरून सांगायची, आज सुकट की बोंबील, आणि तेल किती. वाटणीत वरचं खाचर तिनेच मागून घेतलं होतं. ओढ्याकाठचं खालचं, पाणथळ, जावेच्या गळ्यात पडलं. पुढे बोईसरला कारखाने आले, ओढा बारमाही काळा वाहू लागला आणि पुष्पलताचं भात कमरेला लागायला लागलं. गोजराबाईच्या मते ही जावेची चलाखी होती.

सलत होतं ते वेगळंच. घरात बाळाचं उष्टावण असलं की कुणाच्या शेतातला तांदूळ शिजवायचा हे सासू ठरवायची. गोजराबाईच्याच थोरल्या नातवाला तिने पुष्पलताच्या तांदळाची खीर भरवली होती. "तुजा दाना तुटका हाय, गोजरे," असं सोयऱ्यांदेखत म्हणाली होती. आता सून पुन्हा पोटुशी होती आणि उष्टावण नव्या तांदळावर येणार होतं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात शेतकी कॉलेजातल्या चंद्रकांताबाई आल्या. मातीत कारखान्यांचे कोणते धातू उतरलेत ते तपासून त्यातले किती दाण्यात जातील याचा अंदाज त्या पेरणीआधीच बांधत, आणि कापणीनंतर तांदूळ नेऊन ताडून बघत. गोजराबाईची माती त्यांनी "स्वच्छ दिसते" म्हणत पिशवीत भरली. पुष्पलताच्या बांधावर मात्र किती तरी वेळ रमल्या. चहाही तिच्याच ओटीवर घेतला.

"पुष्पे, काय बोलली गो बाई?"

"गाळात इख असंल बोलली."

"इख? मंग तुजं भात एवढं कसं येते?"

"मला काय ठाव, वयनी? भातालाच इचारा."

जाऊ लपवते आहे, हे गोजराबाईने ओळखलं. पाऊस लागायच्या आत, दुपारी गाव जेवून लवंडलं की ती ओढ्यात उतरायची आणि काळा गाळ टोपलीने नेऊन वरच्या खाचरात पसरायची. कुणी हटकलंच तर "शेणखत" म्हणायची.

रोपांची आवणी झाल्यावर भात असं उठलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. झोडणीच्या दिवशी सासू खळ्यावर येऊन बसली, दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाली, "औंदा गोजराचा तांदूळ." त्या दिवशी गोजराबाईने भांडी भिंतीपलीकडे ऐकू जातील अशी घासली.

उष्टावणाच्या आदल्या सकाळी चंद्रकांताबाई आल्या, आणि पहिल्यांदाच थेट तिच्या ओटीवर.

"तुमच्या तांदळात कॅडमियम निघालंय. माझ्या अंदाजाच्या कितीतरी वर. मी माती नेल्यावर शेतात काय टाकलंत?"

गोजराबाई पदर चाचपत राहिली. बाईंचा आवाज ऐकून पुष्पलता दारात आली होती.

"सांगा ना वयनी. ओढ्याचा गाळ. मी बघत होते."

"मंग तवा बोलली का नाय?"

"तुमी शेणखत बोललात. थोरल्या जावंला खोटं कशी पाडू?"

गोजराबाई बाईंकडे वळली. "आनि हिचं? हिच्या शेतात तर नुसता गाळच हाय!"

"त्यांचं मापात आहे. त्यांच्याकडे दाणा भरेपर्यंत पाणी उभं असतं. पाण्याखाली हा धातू मातीतच अडकून राहतो. तुमचं शेत लवकर सुकतं, मग मुळं तो ओढून घेतात. बाळाला हा तांदूळ देऊ नका. तुम्हीही खाऊ नका."

बाई गेल्यावर सासूने रिकामं सूप पुढे सरकवलं.

गोजराबाई भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दारात उभी राहिली. पुष्पलताने तिला मागायलाही लावलं नाही. सूप भरलं आणि वर आणखी एक ओंजळ टाकली.

घरी येऊन गोजराबाई दारातल्या उजेडात तांदूळ निवडायला बसली. एक तरी खडा निघावा म्हणून तिने ते पुन्हा पसरून निवडले. एकही निघाला नाही.