मावसभावाचं जादा फिजिक्स

जीव जळेपर्यंत हेवा करावा असा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि नेमका माझ्या सख्ख्या मावशीच्या पोटी आला. आम्ही एकाच वयाचे, सन साठच्या सुमारास दोघंही इंजिनीयरिंग शिकत होतो. मला तेवढ्यानंच नाकी नऊ येत, आणि हा गडी संध्याकाळच्या वर्गांना बसून फिजिक्सची वेगळी परीक्षा देई. कशासाठी, तर हौस! सुटीत दारव्ह्याला आमच्याकडे आला की कापसाच्या जिनिंगमधल्या फिरत्या पट्ट्यापुढे तासन्‌तास उभा राही. जेवायला बोलवायला मलाच पाठवत. एकदा विहिरीत दोराला पितळी गडवा लोंबकळत सोडून स्वतःची नाडी मोजत बसला. मागे बायकांची रांग. शेजारच्या काकू कडाडल्या, "काहून रे, पाणी भरून राह्यला का गडव्याले झोके देऊन राह्यला?" तर हा म्हणतो, "काकू, गडवा भरला काय न रिता काय, झोक्याले वेळ तेवढाच लागते. दोर लांब केला तं हळू होते!" काकूंनी दोर हिसकावला, पण घरी जाऊन नातवाला हेच समजावलं म्हणे. माझं बोलणं कोणी घरी नेल्याचं मला आठवत नाही.

पुढे दोघांनी वरच्या पदवीसाठी अर्ज केले. जागा मोजक्याच. अर्ज भरता भरता त्यानं विचारलं, "फिजिक्सचं लिहू का बे? कामी येईन?"

येईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी जळलो. म्हणालो, "नोको लिहू. म्हणतीन, याचं एकात मन लागत नाई."

त्यानं ती ओळ कोरी ठेवली.

मुलाखतीत साहेबांनी मला विचारलं, क्रेनला टांगलेलं ओझं झोके खायला लागलं तर कसं आवराल? मी गडव्याचं शास्त्र घडाघडा सांगितलं, ओझ्यावर नाही, दोराच्या लांबीवर लक्ष ठेवीन म्हणालो. साहेब खूश. मला प्रवेश मिळाला, त्याला नाही. जादा फिजिक्सचा उपयोग होतो, यात मला तरी शंका नाही.

तो घाटंजीला मास्तर झाला. काही वर्षांनी खरं सांगून टाकायचं ठरवून मी त्याच्या शाळेत गेलो. वर्गात पोरं त्याच्याभोवती गूळ सांडल्यासारखी जमलेली. पाहून पुन्हा जळलोच. त्यानं मला हाताला धरून पुढे नेलं.

"हा माहा भाऊ, मोठा इंजिनीयर. यानं वेळेवर सांगतलं, नाई तं अर्जात फिजिक्स लिहून मी हसं करून घेतलं असतं!"

पोरांनी उठून मला नमस्कार केला. मी चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.